नाव वाचायचं तर वाकावं लागतं

तुमच्या रूमवर पुस्तकांचं रॅक असेल तर एकदा नीट बघा. स्पर्धा परीक्षेचे गाइड, ‘मृत्युंजय’, ‘अग्निपंख’, वाढदिवसाला कुणीतरी दिलेलं श्रीमंत होण्याबद्दलचं एखादं पुस्तक. आणि त्याच रांगेत, बऱ्याचदा, हिटलरचं आत्मचरित्र. तेही मराठीत. औरंगपुऱ्यात पुस्तकं घ्यायला गेलात तरी तो भेटतोच. ‘यशस्वी कसे व्हाल’च्या शेजारी छोटी मिशी आणि रोखलेली नजर.

खोटं कशाला सांगू, मीही ते अकरावीत घेतलं होतं. पूर्ण वाचलं नाही, कारण ते भयंकर कंटाळवाणं आहे. पण कपाटात पुढे ठेवलं. ते दिसलं की आपण जरा ‘सिरियस वाचणारे’ वाटतो ना! क्लासमधला एक मित्र तर त्याच्या नावावरचे कोट्स रोज स्टेटसला टाकायचा. ते कोट्स खरे की खोटे, हे आम्ही कुणी कधी तपासलं नाही. ‘आपल्या देशाला एक हिटलरच पाहिजे’ हे वाक्य तर तुम्ही कॅन्टीनमध्ये, शेअर रिक्षात, लग्नाच्या पंगतीत कुठे ना कुठे ऐकलं असेलच. असं म्हणणारा माणूस काही राक्षस नसतो. बऱ्याचदा चहाचे पैसेही तोच देतो.

मग असं का होतं? मला वाटतं, या सगळ्या गोष्टीत आपल्याला एकच नाव माहीत आहे. मारणाऱ्याचं. जे मारले गेले त्यांचा फक्त आकडा माहीत आहे. साठ लाख ज्यू. हा आकडा आपण दहावीच्या पेपरात लिहून आलो आणि विसरलो. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. म्हणजे अशी पाच शहरं रिकामी. सिडको, हडको, गुलमंडी, शहागंज, उस्मानपुरा, सगळं पाच वेळा रिकामं. एवढं सांगूनही पोटात काही हलतं का? फारसं नाही. आकड्याला चेहरा नसतो, म्हणून आकड्यासमोर लाजही वाटत नाही.

आज मला तुम्हाला काही दगडांबद्दल सांगायचं आहे. ते साठ लाखांमधून एकेक माणूस परत बाहेर काढतात.

दहा बाय दहाचा दगड

जर्मनीतल्या अनेक शहरांत फुटपाथवरून चालताना पायाखाली मध्येच एक पिवळा चौकोन चमकतो. दहा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद. खाली काँक्रीटचा ठोकळा, वर पितळी पत्रा. त्यावर चार-सहा ओळी कोरलेल्या असतात. पहिली ओळ बहुतेक वेळा एकच असते, ‘इथे राहत होता’ किंवा ‘इथे राहत होती’. मग नाव. जन्माचं साल. कधी पकडून नेलं, कुठे नेलं, आणि शेवटी काय झालं. संपलं. फोटो नाही, फुलं नाहीत, उद्घाटन करणाऱ्या मान्यवरांची नावं तर अजिबात नाहीत.

जर्मन भाषेत याला ‘श्टॉल्परश्टाइन’ म्हणतात, म्हणजे ठेच लागण्याचा दगड. ही कल्पना गुंटर डेम्निग या कलाकाराची. त्याचा जन्म १९४७ चा, म्हणजे युद्ध संपल्यानंतरचा. पहिला दगड त्याने १६ डिसेंबर १९९२ ला कोलोन शहराच्या टाउन हॉलसमोर बसवला. सिंती आणि रोमा लोकांना छावण्यांमध्ये धाडण्याचा हुकूम हिमलरने बरोबर ५० वर्षांपूर्वी काढला होता, त्या हुकमाचे शब्द या दगडावर होते. त्यानंतर एकेका माणसाच्या नावाचे दगड सुरू झाले. १९९६ मध्ये बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात त्याने ५१ दगड बसवले तेव्हा परवानगीसुद्धा घेतली नव्हती. परवानगी नंतर मिळाली.

यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली, दगड बसवतात तो त्या माणसाच्या घरासमोर. शेवटच्या पत्त्यावरही नाही, तर त्याने स्वतःच्या मर्जीने निवडलेल्या शेवटच्या घरासमोर. कारण छावणीत पाठवण्याआधी नाझींनी अनेक ज्यू कुटुंबांना त्यांच्या घरातून काढून ठरावीक इमारतींमध्ये कोंबलं होतं. तो पत्ता त्यांचा नव्हताच. दुसरी गोष्ट, दगडावरचं प्रत्येक अक्षर हातोडीने ठोकून, हाताने उमटवतात. मशीनने झटपट होईल, पण मुद्दाम करत नाहीत. छावण्यांमध्ये माणसं मारायचं काम कारखान्यासारखं चाललं होतं. आठवण ठेवायचं काम तसं होऊ नये, असा त्यामागचा विचार.

हे दगड फक्त ज्यूंसाठी नाहीत. रोमा, अपंग, समलिंगी, नाझींच्या विरोधात बोललेले कार्यकर्ते, धर्मश्रद्धेपायी सैन्यात जायला नकार दिलेले, या सगळ्यांची नावं त्यात आहेत. मे २०२३ मध्ये न्युरेम्बर्ग शहरात एक लाखावा दगड बसला. आता हिशेब करा. एक लाख दगडांना तीस वर्षं लागली. याच वेगाने साठ लाख नावं लिहायची तर अठराशे वर्षं लागतील. मारायला जेमतेम चार-पाच वर्षं लागली होती.

डायरी नसलेल्यांचं काय?

ॲन फ्रँक आपल्याला माहीत आहे. का? तिची डायरी सापडली म्हणून. तिने लिहिलं, वडील छावणीतून जिवंत परतले, त्यांनी ते छापलं, मराठीतही आलं. पण त्याच काळात पंधरा वर्षांच्या कितीतरी मुली गेल्या, ज्यांनी डायरी लिहिली नाही. किंवा लिहिली आणि घराबरोबर जळाली. त्यांच्यासाठी पुस्तक नाही, सिनेमा नाही. त्यांच्यासाठी हा दगड आहे.

आणि तो दगड आपोआप बसत नाही. कुणीतरी आधी नाव शोधावं लागतं. कित्येकदा हे काम शाळेतली मुलं करतात. तुमच्या-माझ्यासारखीच, मोबाइलला चिकटलेली. आपल्या शाळेच्या गल्लीत कोण राहत होतं, हे ती जुन्या पत्त्यांच्या याद्यांमधून, शहराच्या अर्काइव्हमधून, छावणीत पाठवलेल्यांच्या यादीतून शोधतात. मग त्या कुटुंबातलं कुणी अमेरिकेत, इस्राएलमध्ये उरलंय का, ते बघतात. पैसे उभे करतात. दगड बसवायच्या दिवशी कधी कधी सातासमुद्रापलीकडून नातू येतो आणि आजोबांच्या दारासमोर उभा राहतो. त्याच्यासाठी दुसरी कबर कुठेच नसते.

पण आपला काय संबंध?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. ज्यू, जर्मनी, आपण मराठवाड्यात, काय संबंध?

संबंध आहे. ज्यू म्हणजे कुणी लांबचे गोरे लोक नव्हेत. कोकणात शतकानुशतकं राहिलेले बेने इस्राएल घरात मराठी बोलायचे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. त्यांची आडनावं रोहेकर, पेणकर अशी, तुमच्या-माझ्या वर्गाच्या हजेरीत खपून जातील अशी. इंग्रजीच्या सिलॅबसमध्ये भेटणारे कवी निस्सिम इझिकेल याच समाजाचे. ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा, म्हणजे अभिनेते डेव्हिड, तेही याच समाजाचे. इथे त्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांना ज्यू म्हणून कधी छळलं नाही, ही आपल्या मातीची अभिमानाची गोष्ट आहे. पण हेच रोहेकर, पेणकर १९४२ मध्ये बर्लिनला राहत असते, तर त्यांच्या दारासमोरही आज एक पितळी चौकोन असता. ‘हिटलर पाहिजे’ म्हणताना आपण हे बोलतोय, एवढं तरी माहीत असावं.

अजून एक. आकाशवाणीची ती सकाळची धून आठवते? आजोबांच्या रेडिओवर बातम्यांच्या आधी वाजायची ती. ती वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. कार्ल्सबादमध्ये जन्मलेला हा ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईला आला. युरोपात ज्यूंचा श्वास कोंडत होता तेव्हा मुंबईने त्याला घर दिलं, आकाशवाणीने नोकरी दिली. तो युरोपातच थांबला असता तर? तिकडे कुठल्यातरी दारासमोर एक दगड वाढला असता आणि आपल्या घरात ती धून वाजली नसती. एक माणूस मारला जातो तेव्हा त्याच्या हातून पुढे होणारं असं सगळंच जातं. आकड्यात हे दिसत नाही.

‘मृत्यू झाला’ की ‘मारलं’?

इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात मी एका अपघाताची बातमी लिहिली. ‘दोन जण ठार, तीन जखमी.’ डेस्कवरच्या सरांनी कॉपी परत केली. म्हणाले, “माणसं होती ना ती? मग नावं आण. वय आण. गाव आण.” मी तीन फोन केले. एकाचं नाव कळलं, वय कळलं, तो आयटीआयला होता हे कळलं. माझ्याच वयाचा. त्यानंतर मला ती बातमी टाइप करता येईना. अर्ध्या तासापूर्वी ‘दोन ठार’ लिहिताना मात्र मी एकीकडे समोसा खात होते.

त्या दगडांवरचं क्रियापद म्हणूनच माझ्या डोक्यात बसलंय. शेवटच्या ओळीत अनेकदा ‘मृत्यू’ नसतो. तिथे जर्मन शब्द असतो, त्याचा अर्थ ‘खून झाला’. छावणीत माणूस टायफसने गेला की गॅसने, हा तपशील वेगळा. पण तो आपोआप मेला नाही, त्याला कुणीतरी मारलं, हे दगड स्पष्ट म्हणतो. आपल्या भाषेत आपण किती सफाईने हे टाळतो बघा. ‘दंगलीत बळी गेले.’ ‘हिंसाचार उसळला.’ ‘घटना घडली.’ जणू पाऊस पडला. कुणी काही केलंच नाही, सगळं नुसतं घडलं.

पाय लागला तर?

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न. नाव जमिनीवर? लोकांच्या पायाखाली? आपण वहीला पाय लागला तरी वहीला हात लावून नमस्कार करणारी माणसं. मेलेल्या माणसाच्या नावावरून चालत जायचं?

हाच आक्षेप जर्मनीतही घेतला गेला, आणि तो घेणारी व्यक्ती साधी नव्हती. म्युनिकच्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोट क्नोब्लोख लहानपणी लपून राहून नाझींच्या हातून वाचल्या. त्यांचं म्हणणं असं, की ज्यांना तेव्हा तुडवलं, त्यांची नावं आता पुन्हा तुडवू नका. म्युनिकने २००४ पासून सार्वजनिक जागेवर हे दगड बसवू दिलेले नाहीत. तिथे २०१८ पासून भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला नावाच्या पाट्या किंवा छोटे खांब लावतात. डेम्निगच्या बाजूचं उत्तर असं, की खालचं नाव वाचायला माणसाला थांबावं लागतं आणि मान झुकवावी लागते. म्हणजे नकळत नमस्कारच. शिवाय लोक चालतात म्हणून पितळ घासलं जातं आणि चमकत राहतं. ज्या गल्लीत कुणी फिरकत नाही तिथला दगड काळा पडतो.

मला दोघांचंही पटतं. आपल्याकडे तर मी भिंतीच्याच बाजूने मत देईन. एक तर आपल्या भावना आहेत. दुसरं, फुटपाथ आहे कुठे? आहे तिथे पार्किंग आहे, पार्किंग नाही तिथे खोदकाम आहे. आणि पितळ किती दिवस टिकेल, हे नळाच्या तोट्या चोरीला गेलेल्या प्रत्येक होस्टेलवाल्याला माहीत आहे. अर्थात चोऱ्या तिकडेही झाल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये बर्लिनच्या नॉयक्योल्न भागातून १६ दगड उखडून नेले. ते द्वेषाने नेले असावेत, असाच सगळ्यांचा संशय होता. लोकांनी वर्गणी काढली आणि ते परत बसवले. दरवर्षी ९ नोव्हेंबरला, म्हणजे १९३८ मध्ये ज्यूंची दुकानं आणि सिनेगॉग फोडले-जाळले त्या तारखेला, लोक गुडघ्यावर बसून आपल्या गल्लीतले दगड पुसतात आणि शेजारी मेणबत्ती लावतात.

जमीन की भिंत, हे ठरवता येईल. मुद्दा आहे तो नाव, पत्ता आणि थांबणं, या तीन गोष्टींचा.

आता क्रांती चौकात या

रोज या चौकातून जाता ना? सिग्नलला थांबता, रील बघता, हिरवा झाला की सुटता. या चौकाला ‘क्रांती’ का म्हणतात, हे मी माझ्या ग्रुपवर विचारलं. ‘मोर्चे निघतात म्हणून’ हे सगळ्यात आत्मविश्वासाने आलेलं उत्तर होतं.

खरं कारण १८५७ चं आहे. इथल्या छावणीतल्या घोडदळाच्या शिपायांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. इंग्रजांनी ते मोडलं आणि बंडवाल्यांना मृत्युदंड दिला. ती जागा म्हणजे काळा चबुतरा. कॅप्टन ॲबटवर पिस्तूल झाडणारा दफेदार मीर फिदा अली फासावर गेला. हे एक नाव मला सापडलं. बाकीच्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत? मला नव्हती. शहराच्या नावावरून आपण सगळे तावातावाने बोललो, दोन्ही बाजूंनी. पण त्या मातीत गेलेल्या माणसांच्या नावांसाठी आपण कधी अर्धा तास दिला?

आता जरा जवळ येऊ, कारण १८५७ सोपं आहे. तिथे मारणारे इंग्रज होते. अवघड गोष्ट तिथे सुरू होते, जिथे मारणारेही आपलेच असतात. जर्मनीची खरी हिंमत तीच आहे. ते दगड शत्रूच्या देशात नाहीत. मारणाऱ्यांच्या स्वतःच्या गल्लीत आहेत, त्यांच्या नातवंडांच्या शाळेच्या वाटेवर आहेत.

तुमच्या मार्कशीटवर विद्यापीठाचं नाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ऑगस्ट १९७८ मध्ये मारलं. पुढे नोव्हेंबर १९९३ मध्ये याच मागणीसाठी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जनसागर लोटतो आणि या शहिदांना अभिवादन करतो. त्या लोकांना ही नावं पाठ आहेत. प्रश्न आपल्यातल्या बाकीच्यांचा आहे, जे त्या दिवशी फक्त ‘गेटकडे जाऊ नको, ट्रॅफिक आहे’ एवढंच एकमेकांना सांगतात.

मी दोन गोष्टींची बरोबरी करत नाहीये. तिकडे एका राज्यसत्तेने आखून, याद्या करून, रेल्वेगाड्या भरून एक आख्खा समाज संपवायला घेतला होता. तसं दुसरं उदाहरण देताना शंभर वेळा विचार करावा. मी फक्त एवढंच म्हणतेय, की तिथल्या गल्ल्यांनी स्वतःच्या दारातलं नाव वाचायची सवय लावून घेतली. ही सवय शिकण्यासारखी आहे. आणि ती शिकायला आपल्याकडे पितळ लागत नाही.

मग करायचं काय?

मोठं काही सांगत नाही. तुमचं एनएसएसचं शिबिर ज्या गावात जाईल तिथे झाडं लावाच. पण एक संध्याकाळ गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. कोण गेलं, कुणी मारलं, घर कुठे होतं, विचारा. रझाकारांच्या काळातलं विचारा, दुष्काळातलं विचारा, १९७८ चं विचारा. काही जण विषय बदलतील. विषय जिथे बदलला, तिथेच नाव असतं. ते वहीत लिहा. गावाचं नाव, वय, साल. ‘बळी गेला’ लिहू नका. काय झालं ते लिहा. प्रोजेक्टला मार्क मिळोत ना मिळोत.

आणि हिटलरचं ते पुस्तक? जाळू वगैरे नका. पुस्तकं जाळायचं काम त्याच्याच लोकांनी केलं होतं. माझं अजून घरी आहे. ते मी कपाटाच्या पुढच्या रांगेतून काढलं आणि त्या जागी ॲनची डायरी ठेवली. पुढच्या वेळी कॅन्टीनमध्ये कुणी ‘एक हिटलरच पाहिजे’ म्हणालं, तर भांडू नका. चहा पिऊ द्या त्याला. फक्त शांतपणे विचारा, “त्याने मारलेल्यांपैकी एकाचं तरी नाव सांग.”

तो गप्प बसेल. आपणही बसायचो. तिथूनच सुरुवात करू.